वळणखांबांभोवतीची शर्यत : लहान विद्युत प्रतिरूप विमानांचा इतिहास आणि महाराष्ट्रातील एरोमॉडेलिंग

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास आपल्याकडे बहुधा लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून निघून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणले, ही घटना शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे हे विमानाचे काम, ही आपली समजूत अशा घटनांतून घडली आहे. परंतु विमान जेमतेम सहा वर्षांचे असतानाच त्याचा आणखी एक उपयोग सुरू झाला होता. मोकळ्या माळावर उंच खांब उभारायचे, त्यांना बाहेरून वळसे घालीत ठरावीक फेऱ्या पूर्ण करायच्या आणि जेथून निघालो तेथेच उतरायचे, असे त्याचे स्वरूप होते. प्रवासाच्या दृष्टीने हे उड्डाण निरर्थक होय. यंत्राची आणि वैमानिकाची परीक्षा म्हणून मात्र ते अत्यंत कठोर ठरले.

या खांबांना ‘पायलॉन’ असे म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ प्रवेशद्वार असा आहे आणि प्राचीन इजिप्तमधील मंदिरांच्या भव्य दरवाज्यांसाठी तो आजही वापरला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात त्यासाठी ‘वळणखांब’ हा शब्द योजला आहे, कारण शर्यतीत या खांबाचे काम वळण दाखविणे एवढेच असते. या शर्यतीचे आजचे सर्वांत लहान रूप म्हणजे विजेच्या मोटरवर चालणाऱ्या, जमिनीवरून बिनतारी यंत्राने नियंत्रित केल्या जाणाऱ्या, काहीशे ग्रॅम वजनाच्या प्रतिरूप विमानांची शर्यत होय.

महाराष्ट्रात एरोमॉडेलिंगला १९५० नंतर राष्ट्रीय छात्र सेनेच्या रूपाने संस्थेचा आधार मिळाला. तरीही येथे जी परंपरा बळावली ती प्रामुख्याने प्रात्यक्षिकाची व परीक्षेची, शर्यतीची नव्हे. असे का घडले, आणि विजेच्या मोटरने त्या परिस्थितीत कोणता बदल केला, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या प्रश्नाला केवळ कुतूहलापलीकडचे महत्त्व आहे. विमानतळ, फ्लाइंग क्लब, छात्र सेनेचे हवाई पथक या सर्व गोष्टी ज्या गावापासून नेहमीच दूर राहिल्या, त्या गावातील विद्यार्थ्याला विमानविद्या कोणत्या वाटेने गाठता आली असती, याचा हा शोध आहे.

खांबांभोवतीची शर्यत : उगम आणि आकुंचन

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रीम्स या शहराजवळ बेथेनीच्या माळावर पहिला मोठा विमानमेळा भरला. तेथे गॉर्डन बेनेट चषकासाठी १० किलोमीटरच्या मार्गाच्या दोन फेऱ्या घ्यावयाच्या होत्या. २८ ऑगस्ट रोजी अमेरिकेच्या ग्लेन कर्टिस यांनी हे २० किलोमीटर अंतर सोळा मिनिटांच्या आत कापले. सरासरी वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटर होता. त्याच उन्हाळ्यात इंग्लिश खाडी ओलांडून जगप्रसिद्ध झालेले लुई ब्लेरिओ त्यांच्या मागे पडले, आणि तेही सहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने. सरळ रेषेत उडण्याचे कौशल्य आणि वळणाचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालावरून दिसून आले.

पुढील वीस वर्षांत या शर्यतींना राष्ट्रीय प्रतिष्ठेचे रूप आले. समुद्रविमानांसाठीचा श्नायडर चषक १९१३ ते १९३१ या काळात चालला. त्याच्या अखेरच्या शर्यतीत ब्रिटनच्या सुपरमरीन एस-६-बी विमानाने ताशी सुमारे ५४७ किलोमीटर वेग गाठला. त्याचे रचनाकार आर. जे. मिचेल यांनी पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान घडविले. अमेरिकेत क्लीव्हलंड हे वळणखांबांच्या शर्यतीचे माहेरघर झाले. मात्र वेग वाढला तसा धोका मैदानाच्या बाहेर पडला. ५ सप्टेंबर १९४९ रोजी क्लीव्हलंडच्या शर्यतीत बिल ओडम यांचे विमान वळणावर ताबा सुटून जवळच्या वस्तीतील एका घरावर कोसळले. वैमानिकासह त्या घरातील एक माता व तिचे तान्हे मूल मृत्युमुखी पडले. शर्यतीशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता असे हे दोन जीव होते. अशा शर्यतींविषयी लिहिताना वेगाचे आकडे ठळक आणि मृतांचे आकडे तळटीपेत, अशी जी रीत पडली आहे ती प्रस्तुत अभ्यासकास मान्य नाही. कारण या खेळाचे पुढील सर्व रूपांतर त्या घराच्या छपरापासूनच समजून घ्यावे लागते. नेव्हाडातील रीनो येथे १९६४ ते २०२३ या काळात शर्यती भरत राहिल्या, पण तेथेही २०११ मध्ये वैमानिक व दहा प्रेक्षक प्राणास मुकले.

वेगाला आवर घालण्याचा एक उपाय १९४७ मध्येच पुढे आला होता. गुडइयर कंपनीच्या पुरस्काराने केवळ १९० घनइंच, म्हणजे सुमारे ३.१ लिटर क्षमतेच्या इंजिनांच्या बुटक्या विमानांची वेगळी शर्यत सुरू झाली. ज्याला युद्धकालीन लढाऊ विमान विकत घेणे शक्य नाही, त्याला स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेले विमान उडविता यावे, असा त्यामागील विचार होता. याच बुटक्या विमानांची रूपे पुढे प्रतिरूप विमानांच्या शर्यतीत उतरली. अमेरिकेत साठच्या दशकात बिनतारी नियंत्रित प्रतिरूपांच्या वळणखांब शर्यती संघटित झाल्या. तेथेही वेग व खर्च बेसुमार वाढू लागताच सत्तरच्या दशकात ५०० चौरस इंच पंखाचा, साध्या पेटीसारख्या धडाचा ‘क्विकी ५००’ हा स्वस्त वर्ग निर्माण झाला. लढाऊ विमान, बुटके विमान, प्रतिरूप, स्वस्त प्रतिरूप असा हा क्रम पाहिला म्हणजे या खेळाचा इतिहास एका बाजूने आकुंचनाचा आणि दुसऱ्या बाजूने सहभाग विस्तारत गेल्याचा इतिहास आहे, असे दिसून येते.

माणूस मध्यभागी, की खांब?

प्रतिरूप विमान हे मोठ्या विमानाची नक्कल होय, असे समजणे इतिहासाला धरून नाही. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी उद्यानात पीळ दिलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडविले. राइट बंधूंचे उड्डाण त्यानंतर ३२ वर्षांनी झाले. बिनतारी नियंत्रणाच्या बाबतीत अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांनी १९३७ मध्ये ‘गफ’ हे प्रतिरूप रेडिओच्या साहाय्याने उडविले. परंतु त्या काळातील रेडिओसंच जड, महाग आणि बेभरवशाचे होते. म्हणून १९४० च्या सुमारास जिम वॉकर यांनी प्रचारात आणलेली एक सोपी पद्धत जगभर पसरली. या पद्धतीत विमानाच्या पंखातून दोन बारीक तारा बाहेर काढतात. उडविणारा त्या तारांची मूठ हातात धरून मध्यभागी उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती वर्तुळात फिरते. मूठ वरखाली कलविली की विमान चढते किंवा उतरते. एरोमॉडेलिंगच्या परिभाषेत यास ‘कंट्रोल लाइन’ म्हणतात.

भारतात हीच पद्धत छात्र सेनेमार्फत आली. राष्ट्रीय छात्र सेनेचा कायदा एप्रिल १९४८ मध्ये झाला आणि तिचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकाता येथे प्रत्येकी एका पथकाने सुरू झाला. म्हणजे देशातील पहिल्या दोन हवाई पथकांपैकी एक महाराष्ट्राच्या वाट्याला आले. एरोमॉडेलिंग हा हवाई विभागाच्या प्रशिक्षणाचा भाग झाला आणि वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धाही होऊ लागल्या.

मराठवाड्याची स्थिती मात्र वेगळी होती, आणि ती येथे नोंदविणे आवश्यक आहे. छात्र सेनेचा कायदा झाला त्या एप्रिलमध्ये नांदेड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुक्तिसंग्रामाचा तो ऐन धामधुमीचा काळ होता. मुंबईत हवाई पथक उभे राहिले तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो तसाच राहिला. हैदराबाद संस्थानात विमानविद्या नव्हती असे नाही. बेगमपेठ येथे १९३६ मध्ये हैदराबाद एरो क्लब स्थापन झाला होता आणि १९४५ मध्ये निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतून डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली होती. पण ही सर्व हालचाल राजधानीपुरती होती. वाढोणा, म्हणजे आजचे हिमायतनगर, ज्या मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर वसले आहे तो मार्ग हेच या भागाचे गतीशी असलेले नाते होते. नांदेडचा विमानतळ आधुनिक स्वरूपात उभा राहिला तो २००८ मध्ये, गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने.

येथे एक विषयांतर अपरिहार्य आहे. महाराष्ट्रात विमानाच्या इतिहासाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ मधील चौपाटीवरील कथित उड्डाणाचा उल्लेख हटकून होतो. तळपदे यांची जिज्ञासा आदरणीय आहे. परंतु त्या उड्डाणाचा समकालीन, तपासता येण्याजोगा पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा या चर्चेत आधार घेतला जातो, त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. एका न सिद्ध झालेल्या उड्डाणावर आपण शतकभर वाद घालीत राहिलो, आणि छात्र सेनेच्या मैदानावर प्रत्यक्ष झालेल्या हजारो छोट्या उड्डाणांचा इतिहास लिहिण्याकडे आपले लक्ष गेले नाही, ही खंत नोंदवून मूळ विषयाकडे वळू.

छात्र सेनेने कंट्रोल लाइन पद्धत का स्वीकारली असावी, याचे अनुमान करणे अवघड नाही. तिला बिनतारी संच लागत नाही, शाळेचे मैदान पुरते, विमान भरकटून जात नाही आणि छात्राचे कौशल्य प्रशिक्षकाला समोर उभे राहून गुण देऊन मोजता येते. शिस्त आणि मूल्यमापन यांना ही पद्धत सोयीची होती. तारांच्या विमानांचीही शर्यत असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तीन विमाने एकाच वर्तुळात उडवून १०० फेऱ्यांत १० किलोमीटर अंतर कापले जाते. तथापि प्रशिक्षणाच्या चौकटीत भर राहिला तो एकट्याने केलेल्या कसरतींवर. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते या दोन प्रकारांत एक मूलभूत भेद आहे. कंट्रोल लाइनमध्ये वर्तुळाच्या मध्यभागी माणूस असतो आणि विमान त्याला तारेने बांधलेले असते. वळणखांबांच्या शर्यतीत मध्यभागी कोणीही असता कामा नये. विमान मोकळे असते आणि त्याला वळविणारी एकमेव गोष्ट म्हणजे उडविणाऱ्याचा निर्णय. पहिल्या प्रकारात चूक झाली तर विमान वर्तुळाच्या आत पडते. दुसऱ्यात ते कोठेही जाऊ शकते.

एरंडेल, इथर आणि परवाना

मोकळ्या विमानाकडे जाण्याच्या वाटेवर पहिली अडचण इंजिनाची होती. परदेशी इंजिने आयात परवान्याशिवाय मिळत नसत. या काळात कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरने बनविलेली ‘अरोरा’ ही छोटी डिझेल इंजिने देशातील एरोमॉडेलिंगचा आधार झाली. ‘डिझेल’ हा शब्द येथे फसवा आहे. या इंजिनाचे इंधन रॉकेल, एरंडेल आणि इथर यांचे मिश्रण असे. इथर प्रयोगशाळेतून किंवा दवाखान्याच्या पुरवठादाराकडून मिळवावे लागे. ते ज्वालाग्राही असून झाकण उघडे राहिले की उडून जाई. एरंडेल मात्र मराठवाड्याला परके नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून शतकानुशतके वापरलेले हे तेल विसाव्या शतकात प्रतिरूप विमानाच्या दट्ट्यालाही वंगण म्हणून लाभले. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे तापत्या तारेने पेट घेणाऱ्या इंजिनांना मिथेनॉल लागे आणि शर्यतीच्या इंजिनांसाठी त्यात नायट्रोमिथेनची भर घालावी लागे. विषारी म्हणून नियंत्रित असलेले मिथेनॉल आणि बाजारात सहज न मिळणारे नायट्रोमिथेन यांवर तालुक्याच्या गावी शर्यत उभी राहणे कठीणच होते.

दुसरी अडचण बिनतारी यंत्राची, आणि ती अधिक खोल होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने असे यंत्र परवान्याविना केवळ ताब्यात ठेवणेही गुन्हा ठरविले होते. पुढे काही अल्पशक्तीच्या लहरपट्ट्यांना सवलती मिळाल्या, तरी शर्यतीच्या दृष्टीने एक तांत्रिक प्रश्न शिल्लक राहिला. जुन्या संचांत प्रत्येक प्रक्षेपक एका ठरावीक कंप्रतेच्या स्फटिकावर चाले. मैदानावर एकाच कंप्रतेचे दोन प्रक्षेपक सुरू झाले की दोन्ही विमानांचा ताबा सुटे. म्हणून जगभरच्या मैदानांवर एक फळा ठेवलेला असे. ज्या कंप्रतेवर उडवायचे तिचा चिमटा फळ्यावरून काढून आपल्या प्रक्षेपकाला लावल्याशिवाय कोणी यंत्र सुरू करीत नसे. एकट्याच्या प्रात्यक्षिकात हा प्रश्न येत नाही. शर्यतीत मात्र तीन-चार विमाने एकाच वेळी आकाशात असतात. स्पर्धकांकडे निरनिराळ्या कंप्रतेचे संच असणे ही शर्यतीची पूर्वअट होती. संच दुर्मीळ असलेल्या देशात ती पाळणे सोपे नव्हते.

लाकडाविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. बाल्सा हे हलके लाकूड मुख्यतः इक्वेडोरमधून येते. त्याचीही गत आयात परवान्याचीच होती. १ एप्रिल २००१ पासून उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक आयातबंधने उठली आणि छंदाच्या सामानाची दुकाने मोठ्या शहरांत दिसू लागली. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ लहरपट्टी परवानामुक्त झाली. योगायोग असा की, याच सुमारास जगभरातील बिनतारी नियंत्रणसंच त्या पट्टीवर सरकले. नव्या संचांत प्रक्षेपक व ग्राहक एकमेकांना सांकेतिक ओळखीने बांधलेले असतात, त्यामुळे अनेक विमाने एकाच वेळी निर्धास्तपणे उडविता येतात. स्फटिक आणि चिमट्यांचा फळा दोन्ही इतिहासजमा झाले.

विजेचे आगमन

विद्युत उड्डाणाचा आरंभ वाटतो त्यापेक्षा जुना आहे. ३० जून १९५७ रोजी ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे प्रतिरूप लष्कराच्या शिल्लक सामानातील मोटर आणि चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या वापरून उडविले. बिनतारी नियंत्रित विद्युत विमानाचे ते पहिले अधिकृतपणे नोंदले गेलेले उड्डाण मानले जाते. युरोपात फ्रेड मिलिट्की यांनी याच काळात लहान विद्युत प्रतिरूपांवर सातत्याने काम केले आणि १९६० मध्ये ग्राउप्नर कंपनीने त्यांच्या रचनेचा ‘सिलेंटियस’ हा संच विक्रीस आणला. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात मिलिट्कींच्या संकल्पनेतून सिद्ध झालेले एमबी-ई१ हे विद्युत विमान हाइनो ब्रडित्श्का यांना घेऊन काही मिनिटे उडाले. प्रतिरूपांच्या कामातून आलेले ज्ञान माणसाला घेऊन उडणाऱ्या विमानापर्यंत पोचले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट व रोलंड बुशे या बंधूंनी ‘सनराइज’ हे सौरऊर्जेवर चालणारे मानवरहित विमान उडविले.

तरीही शर्यतीच्या मैदानात वीज दीर्घकाळ दुबळी राहिली. कारण उघड आहे. एक किलोग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. निकेल-कॅडमियम बॅटरीत ती जेमतेम ४० ते ६० वॉट-तास. नव्वदच्या दशकात या दुर्बलतेचाच खेळ झाला. ‘स्पीड ४००’ या नावाने विकली जाणारी, मुळात जपानच्या माबुची कंपनीची स्वस्त, घाऊक उत्पादनाची मोटर सर्वांनी वापरायची, बॅटरीच्या सात घटांची मर्यादा पाळायची आणि तेवढ्यात विमान घडवायचे, असा एक वर्ग युरोप-अमेरिकेत लोकप्रिय झाला. मोटर सर्वांची सारखी असल्याने विजय ठरत असे तो पंखाच्या सफाईवर, वजनावर आणि वळण घेण्याच्या कौशल्यावर. पैशाने वेग विकत घेण्याची वाट नियमानेच बंद केली होती. खेळाच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

त्यानंतरचे परिवर्तन छंदाच्या जगाबाहेरून आले. निओडिमियमची बलवान चुंबके ऐंशीच्या दशकात निघाली. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आणले आणि भ्रमणध्वनीच्या मागणीमुळे पुढील दशकात लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या स्वस्त झाल्या. त्यांत प्रति किलोग्रॅम १५० ते २०० वॉट-तास ऊर्जा साठते. २००२-०३ च्या सुमारास अनेक हौशी मंडळींनी टाकाऊ सीडी-रॉम ड्राइव्हमधील मोटर सोडवून, तिला जाड तारेचे नवे वेढे देऊन, ब्रशविरहित विमान-मोटर तयार केल्या. संगणक दुरुस्तीच्या दुकानात ज्याला भंगार म्हणतात, त्यातून विमान उडू लागले. धूर नाही, इथर नाही, तेलाचे शिंतोडे नाहीत, आवाज पंख्याइतका. बाल्साच्या जागी थर्मोकोल आणि जाहिरात फलकांसाठीचा पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा आला. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टसारख्या महोत्सवांतून आणि २०१० नंतरच्या दशकात बोइंग कंपनीच्या राष्ट्रीय एरोमॉडेलिंग स्पर्धेतून अभियांत्रिकीचे विद्यार्थी या मार्गाला लागले. छात्र सेनेचा गणवेश न घातलेल्या विद्यार्थ्यालाही आता विमान हाती घेता येऊ लागले.

मराठवाड्यात ही मोटर आणि ही बॅटरी खेळाच्या आधी शेतीच्या कामासाठी चर्चेत आली, हे वैशिष्ट्यपूर्ण होय. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. कापूस आणि सोयाबीनच्या रानावर फवारणी करणारे यंत्र आणि वळणखांबाभोवती झेपावणारे प्रतिरूप यांची ऊर्जाव्यवस्था एकाच कुळातील आहे. गावात बॅटरी भारित करणारी, मोटर दुरुस्त करणारी माणसे तयार होण्याची ही सुरुवात आहे. इथरच्या काळात असे काहीच उपलब्ध नव्हते.

दहा फेऱ्यांचे गणित

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या नियमांत विद्युत वळणखांब शर्यत प्रथम एफ-५-डी आणि नंतर एफ-३-ई या नावाने ओळखली गेली. मार्ग त्रिकोणी असतो. दोन खांब एकमेकांपासून ४० मीटरवर आणि तिसरा त्यांच्या मध्यापासून १८० मीटरवर. पायथागोरसच्या सिद्धान्ताने लांब बाजू १८१ मीटर येते. म्हणून एक फेरी सुमारे ४०० मीटरची आणि दहा फेऱ्या मिळून ४ किलोमीटर. सर्व वळणे डावीकडे. प्रत्येक खांबाशी पंच असतात. विमान खांबाच्या आतून वळले तर वेळेत दंड, दुसऱ्यांदा तसे झाले तर ती फेरी निष्फळ. उडविणाऱ्याजवळ एक साथीदार उभा राहतो आणि ‘वळ’ अशी हाक देतो, कारण १८० मीटरवरील खांबाशी विमान नेमके केव्हा पोचले हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरविणे जवळजवळ अशक्य असते. उत्कृष्ट स्पर्धक हे अंतर एका मिनिटाच्या आसपास पूर्ण करतात. म्हणजे सरासरी वेग ताशी २४० किलोमीटर.

या खेळाचे मर्म वळणात आहे आणि ते बारावीच्या भौतिकशास्त्रात बसते. वेग सेकंदाला ५० मीटर आणि वळणाची त्रिज्या २५ मीटर असेल, तर केंद्राकडील त्वरण १०० मीटर प्रति वर्ग सेकंद येते, गुरुत्वाच्या दहापट. उंची न गमावता असे वळण घ्यायचे तर विमानाला सुमारे ८४ अंश कलावे लागते आणि एक किलोग्रॅमच्या विमानाच्या पंखाला दहा किलोग्रॅमचा भार सोसावा लागतो. वळण अधिक आखूड घेतले तर अंतर वाचते, पण पंखाला होणारा हवेचा रोध वाढून वेग मरतो. लांब घेतले तर वेग टिकतो, अंतर वाढते. रीम्स येथे कर्टिस यांच्यासमोर हीच निवड होती. विद्युत शर्यतीत तिच्यात बॅटरीची भर पडली आहे, कारण एका उड्डाणात किती ऊर्जा वापरायची यावरही मर्यादा घालता येते. मोठी बॅटरी घेतली तर शक्ती अधिक, पण वळणावर तेच वजन दहापट होऊन पंखावर बसते.

लहान वर्गात हे आकडे सौम्य होतात. सेकंदाला २५ मीटर वेग आणि १५ मीटर त्रिज्या धरली तर केंद्राकडील त्वरण गुरुत्वाच्या चौपटीहून थोडे अधिक भरते. थर्मोकोलच्या पंखात कार्बनतंतूची एक कांडी बसविली की एवढा भार पेलता येतो. मोठ्या शर्यतीतील विचार सर्वच्या सर्व शिल्लक राहतो. कमी होते ते फक्त मोडतोडीचे बिल.

आकाशाचा कायदा आणि जमिनीचे माप

इंजिन, लाकूड, बिनतारी परवाना या अडचणी विरल्यानंतर उरला तो आकाशाचा प्रश्न. ऑगस्ट २०२१ मध्ये अमलात आलेल्या ड्रोन नियमांनी त्याला बरेच स्पष्ट उत्तर दिले. २५ किलोग्रॅमपर्यंतचे, शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडविले जाणारे मानवरहित विमान हा त्यांत ‘प्रतिरूप’ म्हणून स्वतंत्र प्रकार मानला गेला आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्राच्या अटीतून वगळले. दोन किलोग्रॅमपर्यंतचे यान व्यापारी हेतूविना उडविणाऱ्यास वैमानिक प्रमाणपत्राची आवश्यकता ठेवली नाही. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. हिमायतनगर नांदेडच्या विमानतळापासून याहून कितीतरी दूर असल्याने विमानतळाचे बंधन तेथे लागू होत नाही. अर्थात शासनाचा क्षेत्र-नकाशा पाहिल्याखेरीज कोणतेही मैदान गृहीत धरता येत नाही. वळणखांबांची शर्यत खांबांच्या उंचीच्या आसपास, म्हणजे जमिनीलगतच चालते, त्यामुळे उंचीच्या मर्यादेला धक्का लागत नाही.

एकेकाळी राजधानीच्या एरो क्लबपासून दूर असणे हे या गावाचे उणे होते. या खेळापुरते तेच दूर असणे आता उपयोगी पडते. मुंबई-पुण्यात १८० मीटर लांबीचा, भोवती वस्ती नसलेला पट्टा शोधावा लागतो. कापसाच्या पऱ्हाट्या निघाल्यानंतर हिमायतनगरच्या शिवारात तो सहज मिळतो. अर्ध्या मापाचा त्रिकोण, म्हणजे ९० मीटर व २० मीटर, घेतला तर दहा फेऱ्यांचे अंतर दोन किलोमीटर होते आणि लहान बॅटरीला ते झेपते. खांबांसाठी कापड गुंडाळलेले कळक चालतात. धातूचा नळ वापरू नये, कारण विमानाच्या धडकेने खांब वाकला पाहिजे. पंचांनी खांबाच्या बुडाशी उभे राहू नये. मार्गाच्या बाहेर, खांबाच्या सरळ रेषेत लांब अंतरावर राहून बावटा दाखवावा आणि डोक्यावर शिरस्त्राण घालावे. अर्धा किलोग्रॅमचे विमान ताशी ९० किलोमीटर वेगाने येत असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १५६ ज्यूल असते, आणि तेच विमान ३२ मीटर उंचीवरून थेट खाली सोडले असता जमिनीवर आदळताना तेवढीच भरते.